राघोमामांची म्हातारी

आमचे बा गिरणीत रिंगखात्यात, सूतकताईला, होते. मागाच्या खात्यात पगार बरा मिळायचा, पण तिथे आमच्या लोकांना घेत नसत. मागावरच्या धोट्यात सुताची नवी कांडी बसवली की सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि आमच्या ओठांना लागलेलं सूत बाकीच्यांना चालत नसे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, एवढंच. बा रिंगखात्यात लागले आणि तिथूनच बाहेर पडले. आये वाइंडिंगमध्ये, सूत गुंडाळायला, होती. लालबागच्या आमच्या चाळीतल्या एका खोलीत आम्ही घरचे आणि गावाहून आलेले दोन चुलते राहायचो. ज्याची पाळी संपेल तो येऊन झोपायचा, ज्याची सुरू होईल तो उठून जायचा. त्यामुळे भर दुपारीसुद्धा खोलीत कुणी ना कुणी झोपलेलं असायचंच. वहीचं पान उलटलं तरी चादरीखालून आवाज यायचा, "बाय, कागद नको वाजवूस." मॅट्रिकपर्यंत मी जिन्यात बसून निभावलं. कॉलेजात गेले तेव्हा जिनाही पुरेना, कारण सगळी चाळ तिथूनच चढायची-उतरायची आणि मी काय वाचते ते प्रत्येकाला वाकून बघायचं असायचं.

अशा वेळी आमच्याच चाळीतल्या राघोमामांनी मला त्यांच्या गाडीची मागची सीट दिली.

गाडी चाळीच्या चौकात, नळाच्या पलीकडे उभी असायची. काळी, लांबुडकी, विलायती, लढाईच्या आधीची. मामांनी सगळी नोकरी मलबार हिलवरच्या एका शेठकडे ड्रायव्हर म्हणून केली. शेठने नवी गाडी घेतली आणि ही जुनी गॅरेजमध्ये धूळ खात पडली. मामा निवृत्त व्हायला आले तेव्हा शेठने विचारलं, "राघो, तुला काय देऊ?" मामांनी गाडी मागितली. सगुणामामीने ही गोष्ट त्यांना कधी माफ केली नाही. "लोकांचे नवरे घर मागतात," ती नळावर सांगायची, "आमच्या ह्यांनी वाट अडवायला डबडं मागितलं." मामा तिला डबडं म्हणू द्यायचे नाहीत. ते गाडीला म्हातारी म्हणायचे. "म्हातारीची आज तब्येत बरी हाय," असं म्हणाले की समजायचं, गाडी चालू झाली.

मामांनी आधी सीटचे नियम सांगितले. पाय खाली. सीटवर खाणं नाही. दार आपटायचं नाही. मी पहिल्या दिवशी पुस्तकं घेऊन बसले, तेव्हा ते खिडकीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "शेठच्या पोरींना मी कॉलेजात सोडलं. एकेकीला वर्षानुवर्षं. दार उघडायचं, उतरली की लावायचं, सुटायच्या वेळी परत हजर. आता एकदा आपल्यातली एक सोडायची हाय. तू शेवटच्या परीक्षेला जाशील ना, तेव्हा बसने नाय जायचंस. मी सोडणार."

"मामा, अजून फर्स्ट इयर आहे."

"मग लवकर कर."

त्या दिवसापासून ते मला नावाने हाक मारीनासे झाले. "काय बीए, पाय खाली," एवढंच. चाळीतल्या लोकांना त्याचं हसू यायचं. मला सुरुवातीला लाज वाटायची. पुढे पुढे वाटायला लागलं की आता पास नाही झाले तर या माणसाला तोंड कसं दाखवायचं.

मामा उंच, सडसडीत. शेठकडचा पांढरा जाड ड्रिलचा कोट त्यांनी शेवटपर्यंत वापरला. छातीवर शेठच्या पेढीची भरतकाम केलेली खूण होती, ती मामांनी उसवून काढली होती, पण खालचं कापड तेवढंच पांढरंशुभ्र राहिलं होतं, त्यामुळे ती आणखीच दिसायची. स्वतःच्या गाडीत मागे ते कधी बसले नाहीत. एकदा मी म्हटलं, "मामा, बसून तर बघा, मऊ आहे." तर म्हणाले, "मला मागून रस्ता दिसत नाय."

माणसांचं निदानही ते गाडीसारखंच करायचे. कुणी भराभर बोलायला लागला की, "ह्याचा क्लच सुटलाय." माझे धाकटे चुलते संतापी, तर त्यांच्याबद्दल, "रेडिएटर लहान, इंजिन मोठं." लग्न ठरलेल्या मुलाला उपदेश करायचा झाला तर, "पहिल्या गिअरमध्ये जास्त दिवस नको राहूस." हे सगळं ते गंभीरपणे बोलत. त्यांना विनोद करायचा नसायचा.

गाडीच्या बाबतीत मात्र दुसऱ्या कुणाचा शब्द चालत नसे. हाताखाली माणूस नाही, परळच्या गॅरेजवाल्याला बॉनेट उघडू द्यायचं नाही. त्यांच्याकडे आयेने गिरणीतून आणून दिलेली एक लाकडी कांडी होती, पोकळ. तिचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून ऐकत राहायचं. मग सांगायचे, "तिसऱ्या सिलिंडरला खोकला हाय." बरोबर निघायचं का? कधी निघायचं, कधी नाही. चुकलं तर म्हणायचे, काल खोकला होता, आज गेला.

गाडी ते लग्नाला भाड्याने देत. नवरदेवाची वरात, शिवडीपासून माझगावपर्यंत. तेवढ्यावर तिचं पेट्रोल निघायचं. चाळीतलं कुणी आजारी पडलं तर इस्पितळात न्यायलाही तीच. बोलाचाली होऊन तोंडं फिरवलेली माणसंसुद्धा अशा वेळी मामांच्या दाराशी येत आणि मामा काही न बोलता टोपी घालत.

त्या काळात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. आमच्या नाक्यावर सभा, मोर्चे, पोलिसांच्या गाड्या हे रोजचं झालं होतं. बा सभेला जायचे, आये जायची, मीही जायचे. मामांचं म्हणणं असं होतं की मुंबई महाराष्ट्राची आहे हे सांगायला सभा कशाला लागते, रस्त्यांची नावं न बघता इथे कोण गाडी चालवतो ते बघा. तरी जायचे. मागे उभे राहायचे.

गोळीबाराच्या त्या वाईट दिवसांत एकदा पोलिसांनी त्यांची गाडी भायखळ्याला अडवली. झडतीत सीटखाली गाडी चालू करायचं हँडल सापडलं. पूर्वीच्या गाड्यांना ते असायचंच. पुढून भोकात घालायचं आणि गरगर फिरवायचं, की इंजिन चालू होई. लांब, वाकडं, लोखंडी. पोलीस अधिकाऱ्याने ते हातात तोलून पाहिलं आणि विचारलं, "हे हत्यार कशाला?"

"साहेब, ते हँडल हाय."

"कुणाच्या डोक्यात मारायचं?"

"म्हातारीच्या नाकात घालायचं, साहेब."

साहेबाला ते काही पटलं नाही. हँडल जप्त झालं ते परत मिळालं नाही. मामा दोनदा चौकीवर जाऊन आले. तिसऱ्यांदा मामीने जाऊ दिलं नाही. म्हणाली, "त्या दांडक्यापायी आत बसाल." तेव्हापासून गाडी चालू करायचे दोनच उपाय उरले. सेल्फचं बटण दाबायचं, नाही तर धक्का मारायचा.

पुढे आमच्या चाळीने धम्म स्वीकारला. खोल्याखोल्यांतले देव्हारे गेले. मामांनी गाडीच्या पुढे लटकणारं लिंबू-मिरची स्वतःच्या हाताने काढून टाकलं. पण जिभेला तेवढी लवकर सवय लागेना. "म्हातारीला कुणाची तरी दृष्ट..." असं बोलून ते मध्येच थांबायचे. "दृष्ट नसते. गंज असतो." मांजर आडवं गेलं की ब्रेकवर पाय जायचा, मग मांजरालाच म्हणायचे, "जा, तुझा काय दोष नाय."

खरी पंचाईत दसऱ्याला झाली. गिरणगावात दसरा म्हणजे यंत्रांचा दिवस. प्रत्येक खात्यात मशीन धुऊन पुसून, झेंडूचे हार, नारळ, हळदकुंकू. मामाही दर दसऱ्याला गाडीची पूजा करायचे. आता करायची नव्हती. सकाळपासून ते चौकात येरझाऱ्या घालत होते. समोरच्या रस्त्यावरून हार घातलेल्या टॅक्स्या जात होत्या. शेवटी मामीच वैतागून म्हणाली, "पूजा नको तर नका करू. नुसती धुवा तरी. हात खाजतायत तुमचे."

मामांनी गाडी धुतली. तेवढ्याने समाधान होईना. मग त्यांनी बॉनेट उघडलं, जे जे सुटं होण्यासारखं होतं ते खोललं, रॉकेलने पुसलं, आणि माझ्या थोरल्या चुलत्यांकडे उरलेल्या निळ्या ऑइलपेंटच्या डब्यातून आतलं सगळं लोखंड रंगवलं. कोपरा न् कोपरा. ब्रश जात नव्हता तिथे बोटाला चिंधी गुंडाळून. सुकल्यावर सगळं पुन्हा जिथल्या तिथे आवळलं. संध्याकाळी बॉनेट उघडून सगळ्या चाळीला दाखवलं. काळ्या गाडीच्या आत निळंशार इंजिन. खरंच देखणं दिसत होतं. बा म्हणाले, "राघो, हिला आता आतून बघायची, बाहेरून नाय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गाडी रुसायला लागली. बटण दाबलं की आत कुठेतरी "कट्ट" व्हायचं. एकच. पुढे काही नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा कट्ट. कधी पाचव्या-सहाव्या वेळी सेल्फ फिरायचा, कधी नाहीच. मामांनी आधी बॅटरीला दोष दिला आणि ती बदलली. मग दमट हवेला. मग पेट्रोलवाल्याला, जे मलाही पटलं नाही, कारण इंजिन फिरतच नव्हतं तर पेट्रोलचा काय संबंध. मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "तू इकॉनॉमिक्स बघ."

धक्का मारला की मात्र ती हमखास चालू व्हायची, आणि एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही. म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. चाळीत तरुण पोरांना तोटा नव्हता. "मामा, म्हातारीला चालायला लावू?" म्हणत पाच-सहा जण खांदा लावायचे. एका लग्नात मांडवासमोर गाडीने कट्ट केलं, तेव्हा बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवून धक्का दिला आणि नवरदेव आत फेटा धरून बसला होता. नवरीकडच्या म्हातारीने विचारलं, "पोराची तब्येत पण अशीच हाय काय?" मामांना तो अपमान फार लागला. आठवडाभर ते कांडी कानाला लावून बॉनेटमध्ये वाकलेले असायचे. काही सापडलं नाही.

आणि मग माझी बी.ए.ची परीक्षा आली.

पहिल्या पेपरांना मामा मला न्यायला तयारच होते, पण मीच नको म्हटलं. बस चालू होत्या, उगाच म्हातारीला कशाला दमवायचं. त्यांना ते आवडलं नाही. "शेवटच्या पेपराला तरी," ते म्हणाले. मी कबूल केलं. शेवटच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी कळलं की उद्या पुन्हा बंद आहे. ट्राम नाही, बस नाही. आमच्या भागात जमावबंदीही लागली. परीक्षा मात्र पुढे ढकललेली नव्हती. सेंटर गिरगावात होतं. बा म्हणाले, "पहाटे उठून चालत जाऊ." मामा दाराशीच होते. "चालत? मी मेलो काय?" त्यांनी बॅटरी त्याच दिवशी चार्ज करून आणली होती. त्यांच्या भरवशावर आम्ही चालत निघालो नाही.

सकाळी मी नवं इस्त्रीचं पातळ नेसून खाली आले. मामा पांढऱ्या कोटात, टोपी घालून तयार. त्यांनी मागचं दार उघडलं. मी बसले. सगळी चाळ गॅलरीत उभी. मामा पुढे बसले, बटण दाबलं.

कट्ट.

पुन्हा दाबलं. कट्ट. मामांची मान हलली नाही. दहा-बारा वेळा झालं तेव्हा वरून कुणीतरी म्हणालं, "धक्का मारा रे." पोरं जिन्यावरून धावत उतरली. फाटकापाशी एक पोलीस शिपाई उभा होता, साताऱ्याकडचा असावा, घाम पुसत. त्याने काठी आडवी धरली.

"पाच माणसं एकत्र नकोत. चार चालतील."

"अहो, धक्का मारतोय, मोर्चा नाय."

"मोर्चापण धक्काच असतो. चार."

चार जणांनी खांदे लावले. आमचा चौक रस्त्यापेक्षा खोल, बाहेर पडायला चढ. गाडी अर्ध्या चढापर्यंत जायची आणि चौघांना घेऊन मागे यायची. पाचवा मुलगा आपण ओळखीचेच नाही असा चेहरा करून गाडीच्या मागून चालायला लागला, तर शिपाई म्हणाला, "ए, तू कुठं? तुला मी मोजलाय." त्याचंही चूक नव्हतं. नाक्यावर त्याच्या साहेबाची जीप उभी होती आणि तिथून आमचं फाटक दिसत होतं.

तेव्हा आये पुढे झाली. पदर खोचला आणि गाडीला हात लावला. मागोमाग सगुणामामी आणि शेजारच्या दोघी.

"बाई, बाजूला व्हा," शिपाई म्हणाला.

"कायद्यात बायका माणसांत मोजतात काय?"

शिपाई गोंधळला. "ते साहेबांना विचारावं लागेल."

"मग विचार जा. माणसांत धरत नसशील तर आमी ढकलतो. धरत असशील तर तसा सरकारी कागद आण, मी भिंतीला लावीन."

गॅलरीतून हशा उठला. शिपाईसुद्धा हसला, पण काठी बाजूला केली नाही. म्हणाला, "मावशी, माझी नोकरी जाईल." आणि आयेने हात काढला. नोकरी जाणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं.

त्या दिवशी गिरणीचा भोंगा नव्हता, म्हणून किती वाजले हेही कळत नव्हतं. घड्याळ फक्त त्या शिपायाच्याच मनगटावर होतं. बा त्याला सारखे वेळ विचारत होते आणि तो बिचारा सांगत होता. वेळ ऐकून बा मामांना म्हणाले, "राघो, चालत गेली असती तर आत्तापर्यंत पोचली असती." ते ओरडून बोलले नाहीत.

मामा उतरले. कोट काढून मामीच्या हातात दिला. असं मी त्यांना चौकात कधी पाहिलं नव्हतं, बनियनवर. मला म्हणाले, "बीए, पुढे बस. मी सांगीन तेव्हा बटण दाब. आधी दिवे लाव."

मी पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागी बसले. दिवे लावले. लख्ख लागले.

"दाब."

कट्ट. दिवे एकदम मलूल झाले. सोडलं, पुन्हा लख्ख.

"बॅटरी गेली," सगळे एका सुरात म्हणाले.

"बॅटरी गेली असती तर दिवे आधीच रडले असते," मामा म्हणाले. "जोर हाय. वाटेत अडतोय कुठेतरी." आयेला त्यांनी सोड्याचं गरम पाणी आणायला लावलं. बॅटरीची टोकं धुतली, घासली, आवळली. कट्ट. सेल्फवर मोगरीने ठोकून पाहिलं. कट्ट. लाकडी कांडी लावून ऐकलं आणि मग ती खिशात टाकून दिली. ऐकून काही होत नव्हतं. बॉनेटमध्ये वाकलेल्या त्यांच्या पाठीवर घाम वाहत होता. मी काचेतून बघत होते आणि मला अभ्यासातलं काहीही आठवत नव्हतं.

"दाबून धर," ते म्हणाले. "सोडू नको."

मी दाबून धरलं. त्यांनी उघड्या हाताने एकेक वायर चाचपायला सुरुवात केली. बॅटरीपासून सेल्फपर्यंतची जाडी वायर, गार. मग बॅटरीचं दुसरं टोक जिथे गाडीच्या लोखंडाला जोडलेलं होतं ती अर्थची पट्टी. तिच्या शेवटाशी त्यांचा हात पोचला आणि झटकन मागे आला. भाजला होता.

"सोड."

त्यांनी पाना लावला, बोल्ट काढला, पट्टी बाजूला केली आणि बघत राहिले. बा वाकले. मीही उतरून बघितलं. पट्टीच्या खाली, जिथे लोखंडाला लोखंड भिडायला हवं होतं, तिथे छान, गुळगुळीत, दोन हात दिलेला दसऱ्याचा निळा रंग होता, आणि रंगातून वीज जात नाही.

मामीला सगळ्यात आधी कळलं असावं. ती म्हणाली, "त्यापेक्षा नारळ फोडला असतात तर बरं झालं असतं."

"नारळाचं पाणी बॅटरीवर सांडलं असतं," मामा म्हणाले. पण त्यांचा आवाज उतरला होता. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बीए, बस मागे. कानस आण रे कुणीतरी."

कानशीने त्यांनी तो रंग खरवडला. खालचं लोखंड चकाकायला लागलं. तेवढ्यात तळहाताला फोड आला होता. बोल्ट आवळताना त्यांना पाना धरवेना, म्हणून शेवटचे आटे बांनी दिले. मामांनी त्यांना देऊ दिले. दुसऱ्या कुणाचा पाना म्हातारीला लागलेला मी तेव्हाच पाहिला.

बटण दाबलं. इंजिन घुमलं. शिपायाने फाटक उघडलं आणि साहेबाच्या जीपकडे पाठ करून उभा राहिला.

लालबाग ते गिरगाव रस्ते मोकळे होते, पण प्रत्येक नाक्यावर पोरं उभी होती. बंदच्या दिवशी गाडी काढणाऱ्यावर दगड पडायचे. मामांनी कोट पुन्हा घातला होता, टोपीही. पोरं दिसली की खिडकीतून डोकं काढून तेच आधी घोषणा द्यायचे, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे." मग गाडी हळू करून सांगायचे, "लालबागची पोरगी बीएच्या पेपराला चाललीय." ठाकुरद्वारला पोरांनी रस्त्यात पिंपं लावली होती. एकाने खिडकीतून मला निरखून विचारलं, "कसला पेपर?"

"इकॉनॉमिक्स."

"पंचवार्षिक योजना करून जा. येणार," असं म्हणून त्याने पिंप लाथेने बाजूला केलं.

सेंटरपाशी पोचलो तेव्हा घंटा होत होती. मामा उतरले, फिरून आले, दार उघडलं. त्यांचा हात रुमालात बांधलेला होता. काहीतरी बोलतील असं वाटलं. ते एवढंच म्हणाले, "पातळाला ऑइल लागलंय, कडेला. दिसत नाय."

पंचवार्षिक योजना आली होती.

पेपर संपवून बाहेर आले तर गाडी तिथेच होती आणि तिचं इंजिन चालू होतं. रेडिएटरमधून वाफ येत होती. मामा कॉलेजच्या नळावरून टोपीतून पाणी आणून ओतत होते.

"मामा, बंद का नाही केलीत? आता तर नीट झाली होती."

"तू आत लिवत होतीस," ते म्हणाले. "मध्येच बंद केली आणि तुझं काय अडलं तर..." मग त्यांच्या लक्षात आलं. "तसं काय नसतं. माहीत हाय मला. पेट्रोल होतं, म्हणून ठेवली चालू."

परत येताना ते मागच्या पेपरांबद्दलही विचारत राहिले. शेठच्या मुलींना असं काही विचारायची मुभा नव्हती, असं त्यांनीच सांगितलं.

पुढे राज्य झालं. मला सरकारी नोकरी लागली आणि काही वर्षांनी अँटॉप हिलला क्वार्टर मिळालं. सामान न्यायला टेम्पो करू म्हटलं तर मामा ऐकेनात. गाद्या टपावर, भांडी डिकीत, बा मागे, आये पुढे. मामा आता फार वाकले होते, स्टिअरिंगच्या वर जेमतेम टोपी दिसायची. सामान उतरवल्यावर आयेने चहाचा आग्रह केला, तर म्हणाले, घर लागू दे आधी, मग येतो. आमची इमारत टेकडीच्या उतारावर. मामांनी सेल्फला हातच लावला नाही. ब्रेक सोडला, गाडी आपली आपण खाली निघाली, वळणाशी पोचेपर्यंत इंजिन लागलं, आणि ती काळी पाठ कॉलनीच्या फाटकातून डावीकडे गेली. चहाला ते आले नाहीत. त्या वर्षीच्या पावसाळ्यात ते गेले. गाडी मामीने विकली नाही. तिच्यानंतर पुतण्यांनी विकली.

त्या परीक्षेचा निकाल जूनमध्ये लागला. मी पास झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या घरातली आणि आमच्या चाळीतली मी पहिली पदवीधर.